चारला उठतोच, मग डोंगरावर का नको?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. खरंखरं उत्तर द्यायचं हं! तुम्ही सूर्योदय शेवटचा कधी पाहिलात?

"त्यात काय मोठंसं? आम्ही रोज अंधारातच उठतो!" असंच म्हणाल ना? मीही हेच म्हटलं असतं. लग्न होऊन साताऱ्याला आले त्याला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत दुखणंबाणं सोडलं, तर साडेचार-पाचच्या पुढे अंथरुणात राहिल्याचं मला आठवत नाही. पाणी भरायचं, दूध तापवायचं, डबे करायचे. पण आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला. उजाडल्याचं मला कळायचं ते दिवा मालवायची वेळ झाली म्हणून! रोज सूर्याच्या आधी उठणाऱ्या मला त्याला उगवताना पाहायला सवड मात्र कधी झाली नव्हती.

तेव्हा पहाटेची वेळ आपल्याला काही नवी नाही. नवीन करायचं ते एवढंच, की महिन्यातून एक पहाट घराला न देता स्वतःला द्यायची. एखाद्या टेकडीवर जायचं, सूर्योदय पाहायचा. पावसाळा सरत आला की एखादा धबधबा पाहायचा. आणि जमेल तसा त्याचा फोटो काढून घरी आणायचा. गेली तीन वर्षं मी हे करते आहे. त्यात एकदा चांगली तोंडावर आपटले आहे. म्हणून नुसती गंमत नाही, तर त्या पडण्यातून काय शिकले तेही आज सांगणार आहे.

पहिली पहाट

सुरुवात झाली ती अगदी सहज. आमच्या आळीत एक शिक्षिका राहतात. आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणतो. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं. एकट्या जायला नको, म्हणून त्यांनी मला विचारलं. शेजारच्या वाड्यातल्या नर्सबाई, म्हणजे आमच्या सिस्टर, रात्रपाळी नसेल तेव्हा आमच्यात येऊ लागल्या. तिघींनी ठरवलं, रविवारी अजिंक्यताऱ्यावर जायचं.

अजिंक्यतारा म्हणजे साताऱ्याच्या उशाशी बसलेला गड. गावातून चालत निघालं तर आमच्या बेताच्या पावलांनीही तासाभरात दरवाजा गाठता येतो. दरवाजापर्यंत गाडीरस्ताही आहे. आम्ही पूर्वेच्या तटावर जाऊन उभ्या राहिलो, तेव्हा खाली गावातले दिवे अजून लुकलुकत होते. समोर जरंडेश्वराचा डोंगर काळाकभिन्न. आणि मग त्याच्या मागचं आभाळ आधी राखाडी, मग अबोली, मग केशरी होत गेलं. ताईंना मी म्हटलं, "ताई, उगवला वाटतं!" तर त्या म्हणाल्या, "थांबा वहिनी, अजून यायचाय तो. ही नुसती वर्दी आहे!"

खरंच सांगते, त्या दिवशी मला कळलं की खरी शोभा सूर्य वर यायच्या आधीची असते. आपल्या भागात उगवतीच्या आधी साधारण वीस-पंचवीस मिनिटं आभाळात रंग भरू लागतात. सूर्योदयाला पोचायचं म्हणजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोचायचं. लग्नाला अक्षता पडायच्या वेळी गेलं तर निम्मी मजा संपलेली असते ना, तसंच हे!

रंग येतात तरी कुठून? सूर्य क्षितिजाशी असताना त्याचा किरण आपल्याकडे तिरका येतो. हवेचा फार जाड थर त्याला ओलांडावा लागतो. त्या वाटेत निळा रंग इकडेतिकडे विखरून जातो, आणि तांबडा-केशरी तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. पाऊस पडून गेल्यावर हवेतली धूळ धुऊन निघालेली असते, म्हणून तेव्हाचे रंग अधिक स्वच्छ दिसतात.

सोबत माझा साधा मोबाइल होता. त्यावर पाच-सहा फोटो काढले. घरी आल्यावर पाहते तो काय, त्यात सूर्य म्हणजे नुसता पांढरा डाग! मुलगा हसून म्हणाला, "आई, हा बल्ब आहे का गं?" पण मला त्या डागानंच नाद लावला.

बाईमाणसाला कॅमेरा कशाला?

माझ्या वडिलांकडे आगफा क्लिक-थ्री नावाचा कॅमेरा होता. तुमच्यापैकी अनेकींच्या माहेरी तो असेल. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत. बारसं, मुंज, गणपती, सहल, सगळं त्या बारांत बसवायचं. फोटो नेहमी वडील काढायचे. आई कुठल्या फोटोत असली तर साडी सारखी करून, मान ताठ धरून, कुणीतरी सांगितलं तिथे उभी. कॅमेरा तिच्या हातात मी कधीच पाहिला नाही. तो जपून कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचं काम मात्र तिचं!

म्हणून भिशीत माझा नंबर लागला तेव्हा मी बांगड्या न करता एक जुना, वापरलेला कॅमेरा घेतला. घरात कुणी बोललं नाही, पण एक पाहुण्या आत्याबाई म्हणाल्याच, "बाईमाणसाला हे कशाला?" त्यांना मी होमाई व्यारावाला यांची गोष्ट सांगितली. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या या बाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या भारतातल्या पहिल्या स्त्री छायाचित्रकार झाल्या. साडी नेसून, जड कॅमेरे घेऊन, दिल्लीत सायकलवरून हिंडून त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातले फोटो टिपले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आत्याबाई ऐकून म्हणाल्या, "असेल बाई!" तेवढ्यावर मी समाधान मानलं.

आदल्या रात्रीची तयारी

आता तुम्ही म्हणाल, घरचं कसं करायचं? तर पहिली गोष्ट, दिवस रविवारचाच निवडा. डब्यांची घाई नसते. आदल्या रात्री भाजी निवडून ठेवा, कणीक भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळचा चहा-पोहे घरातल्यांनी करायचे, हे आधीच ठरवून टाका. पहिल्या रविवारी आमच्याकडे पोह्यांत मोहरी कच्ची राहिली होती. तिसऱ्या रविवारी यांनी वरून खोबरं-कोथिंबीरसुद्धा घातली. शिकवलं की येतं हो सगळं!

पिशवीत फार काही लागत नाही. पाण्याची बाटली, थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठ किंवा लाडू, विजेरी, एक काठी, शिटी, मीठाची पुडी (पावसाळ्यात जळू चिकटली तर उपयोगी पडते), पट्टी आणि जंतुनाशक मलम. चपला नकोत. तळाला खाचा असलेले बूटच हवेत. साडीची सवय असली तरी चढाला सलवार-कमीज बरी. वास येणारं तेल, अत्तर लावू नका. गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, उग्र वासानं माश्या उठतात असं जाणते लोक सांगतात.

एसटीनं जाणार असाल तर २०२३ सालापासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तो खर्चही फार नाही.

एक घरगुती युक्ती सांगते. फोटो हलू नये म्हणून तिवई लागते, ती महाग आणि जड. त्याऐवजी उरलेल्या जाड कापडाची वीतभर थैली शिवा आणि तिच्यात अर्धा किलो मूग भरा. कठड्यावर किंवा दगडावर ही थैली ठेवून तिच्यावर कॅमेरा नाहीतर मोबाइल टेकवला की हलत नाही. बटण दाबताना हात हलतो, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघण्याची सोय असते ती लावा.

पांढरा रंग उतू जातो

आता फोटोविषयी थोडं. मला जे समजलं ते मी आपल्या भाषेत सांगते.

सूर्याचा नुसता डाग का आला? कारण समोर एकीकडे लख्ख उजेड, दुसरीकडे काळा डोंगर. मोबाइल दोन्ही सांभाळायला जातो आणि उजेड उतू जातो, दुधासारखा! तेव्हा पडद्यावर उजळ आभाळावर बोट टेकवा आणि उजेडाची खूण खाली ओढून फोटो थोडा अंधारा करा. डोंगर काळे होतील, होऊ द्या. एकामागून एक काळ्या रांगा आणि वर केशरी आभाळ हाच तर सह्याद्रीचा फोटो! एक मात्र लक्षात ठेवा. कॅमेऱ्याला डोळा लावून वर आलेल्या सूर्याकडे कधीही पाहू नका, डोळ्यांना इजा होते.

आणि सूर्य वर आला की त्याच्याकडे पाठ फिरवा. सगळे लोक पूर्वेकडे बघत असतात तेव्हा मागच्या तटावर, झाडांवर, सोबतिणीच्या चेहऱ्यावर सोन्यासारखं कोवळं ऊन पडलेलं असतं. माझे बरेचसे चांगले फोटो असे पाठ फिरवून आलेले आहेत.

धबधब्याचं गणित उलटं. तिथे लख्ख ऊन नको, ढगाळ उजेडच चांगला. ऊन असलं की पाण्याचा पांढरा रंग उतू जातो आणि फोटोत नुसता चुना ओतल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी ठेवता यावर पाण्याचं रूप ठरतं. पाव सेकंद ते एक सेकंद उघडी राहिली तर पाणी पिंजलेल्या कापसासारखं मऊ दिसतं. सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकीच उघडली तर थेंब न् थेंब सुटा दिसतो. हल्ली बऱ्याच मोबाइलमध्येही ही सोय असते. घरातल्या मुलांना विचारा, दोन मिनिटांत लावून देतात.

सकाळचं कोवळं ऊन पाठीमागे असेल आणि समोर तुषार उडत असतील, तर इंद्रधनुष्यही दिसतं. सूर्य पाठीशी हवा, ही त्यातली खूण. आणि धबधबा किती मोठा ते फोटोत कळत नाही, म्हणून दूर कठड्याशी कुणीतरी छत्री घेऊन उभं असलं की लगेच अंदाज येतो.

भिंगावर तुषार बसतात. पुसायला जुन्या धुऊन मऊ झालेल्या मलमलीचा तुकडा ठेवा. पदरानं पुसू नका, जरीचे ओरखडे उठतात. मोबाइल भिजलाच तर तांदळाच्या डब्यात खुपसू नका, तांदळाची भुकटी त्यात शिरते. तो बंद करून, पुसून, वारा लागेल अशा जागी ठेवा. गार डोंगरावरून घरात आल्यावर कॅमेऱ्याला घाम फुटतो, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसाच. म्हणून तो वरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि घरी आल्यावर तासाभरानं उघडा. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवावा. या पुड्यांतले खडे कोरडे करायला स्वयंपाकाच्या तव्यावर मात्र तापवू नका. ते पोटात जायच्या लायकीचे नसतात.

आषाढातली ती सकाळ

आता ती गोष्ट, जी सांगायला अजून थोडी लाज वाटते.

गेल्या वर्षीचा आषाढ. नवा कॅमेरा हाती येऊन चार महिने झालेले. आम्ही तिघी ताईंच्या भाच्याच्या गाडीनं कासच्या रस्त्याला निघालो. धुकं इतकं, की दहा पावलांवरचं दिसेना. रस्त्यालगत एका ओढ्यावर छोटासाच धबधबा होता, त्याला नावही नसावं. गाडी थांबवली. रस्त्यावरून तो छान दिसत होता. पण मधे एक झुडूप येत होतं. मला वाटलं, चार दगड खाली उतरलं की सगळा सरळ मिळेल.

ताई म्हणाल्या, "वहिनी, इथूनच काढा." मी म्हटलं, "आलेच!" आणि उतरले.

पाणी घोट्याएवढं, स्वच्छ. तळाचे दगड दिसत होते. तिथे पाऊसही थांबलेला. मी वाकून मुगाची थैली दगडावर ठेवली, कॅमेरा टेकवला. एक फोटो घेतला, दुसरा घेतला. मनासारखा येईना. तिसऱ्याला बोट ठेवलं आणि वरून ताई किंचाळल्या, "वहिनी, पाणी बघा! पाणी!"

मघाचं नितळ पाणी चहासारखं झालं होतं. त्यावरून पालापाचोळा आणि काटक्या वाहत येत होत्या. ताईंचं माहेर पाटणकडच्या खेड्यातलं, त्यांना ती खूण ठाऊक होती. मला नव्हती. मी कॅमेरा उचलायला वळले, आणि शेवाळावरून पाय सटकला. गुडघा दगडावर आपटला. कॅमेरा गेला ओढ्यात. सिस्टर आणि ताईंचा भाचा यांनी ओढणी टाकून मला वर खेचलं. आम्ही रस्त्यावर येऊन श्वास घेतो न घेतो, तोच मी ज्या दगडावर वाकले होते तो दगड दिसेनासा झाला. पाच मिनिटंही झाली नसतील हो!

गुडघ्याला सात टाके पडले. घरी कुणी रागावलं नाही, त्यानंच जास्त वाईट वाटलं. हे एवढंच म्हणाले, "आता नको." धाकटी मुलगी रात्री माझा हात धरून झोपली. मी झोपले नाही. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, मधल्या दगडावर एकमेकांना धरून उभी होती. ते चित्र आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. तेव्हा मीच म्हटलं होतं, "लोकांना अक्कल कशी नसते!" आणि वर्षभराच्या आत मी स्वतः एका झुडपापायी ओढ्यात उतरले होते.

सासूबाईंचा निकाल

मग तीन महिने मी कुठेही गेले नाही. ताईंनी दोनदा विचारलं, मी कामाची सबब सांगितली. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा शरम होती. वाटायचं, घरदार असलेल्या बाईनं हे नसते छंद करूच नयेत. बांगड्या केल्या असत्या तर हातात तरी राहिल्या असत्या!

दसरा झाला. एके दुपारी तांदूळ निवडताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, हल्ली जात नाहीस का गडावर?"

"नाही. चुकलंच माझं, आई."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. सुपातला खडा बाजूला काढत म्हणाल्या, "गेलीस ते नाही चुकलं. उतरलीस ते चुकलं. दोन्हीचा घोळ करू नकोस."

मैत्रिणींनो, सातवी शिकलेल्या माझ्या सासूबाईंनी जे दोन वाक्यांत निवडून ठेवलं, ते मला तीन महिन्यांत जमलं नव्हतं. जाणं वेगळं आणि उतरणं वेगळं. जाण्याची आवड सोडायची नाही, आणि उतरण्याचा मोह धरायचा नाही. त्या रात्री मी वहीत नियम लिहिले आणि यांच्यापुढे ठेवले. ह्यांनी वाचले, खाली एक नियम स्वतः वाढवला, आणि म्हणाले, "हे पाळणार असलीस तर माझी ना नाही." तुमच्या उपयोगी पडतील म्हणून ते इथे देते.

आमचे नियम

१. पाण्यात उतरायचं नाही. घोट्याएवढ्याही नाही. धबधबा कठड्याच्या अलीकडून जेवढा दिसेल तेवढाच आपला.

२. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहू लागला, आवाज वाढला, की उभं राहून बघायचं नाही. लगेच उंचावर जायचं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झालेला असतो.

३. आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा पाहायचा. नारिंगी किंवा लाल असेल तर बेत रद्द. पावसाळ्यात पुष्कळ धबधब्यांवर प्रशासन बंदी घालतं, ती आधी विचारून घ्यायची आणि पाळायची.

४. निदान तिघींनी जायचं. कुठे जातो आणि किती वाजता परत येणार ते घरी कागदावर लिहून ठेवायचं. अडचण आली तर ११२ हा क्रमांक.

५. तिघींपैकी एकीनं "परत" म्हटलं की तिघींनी परतायचं. वाद घालायचा नाही. हसायचं नाही.

६. (हा यांचा.) कड्याशी पाठ करून स्वतःचा फोटो काढायचा नाही.

या नियमांनी मजा कमी झाली का? मुळीच नाही. उलट घरच्यांना घोर नाही, म्हणून मलाही घोर नाही.

धबधब्यांसाठी आम्ही आता भर आषाढ-श्रावण सोडून दिला आहे. तेव्हा नाहीतरी धुक्यात काही दिसत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस ओसरतो, पाणी मात्र असतं. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवरच्या ठोसेघरला कठडे आणि पाहायची गॅलरी केलेली आहे. तिथून पूर्ण धबधबा दिसतो, उतरायची गरजच नाही. त्याच दिवसांत कासच्या पठारावर फुलं असतात. हे पठार २०१२ सालापासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथे हंगामात आधी नोंदणी करून जावं लागतं. फुलांत बसून फोटो काढू नका. आपल्या अंगणातल्या रांगोळीवर कुणी बसलेलं चालेल का आपल्याला?

आणि थंडीतले सूर्योदय तर आळशी माणसांसाठीच आहेत! जूनमध्ये आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, पण जानेवारीत सात वाजून गेल्यावर. शिवाय दिवाळीपासून दरीत धुकं साठतं. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब निघून जाते, गार झालेली जड हवा उतारावरून खाली साचते आणि तिच्यातल्या बाष्पाचं धुकं होतं. वर गडावर स्वच्छ ऊन आणि खाली दुधाचं पातेलं, असा देखावा असतो.

बारा महिने, बारा फोटो

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा गडावर निघाले, तेव्हा सासूबाई चुलीशी... म्हणजे गॅसशी, सवयीनं उठून उभ्याच होत्या. म्हटलं, "आई, येता का?" त्यांचं वय चौऱ्याहत्तर. वाटलं, नको म्हणतील. त्यांनी गॅस बंद केला आणि शाल घेतली.

दरवाजापर्यंत गाडीनं नेलं, पुढे हात धरून, बसत-उठत. पूर्वेच्या तटाशी पोचलो तेव्हा माहुलीच्या बाजूला कृष्णेवर धुक्याची दुलई पसरली होती. सूर्य वर आला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रोज असाच येतो होय हा?"

त्रेपन्न वर्षं या गावात संसार केलेली बाई! रोज पहाटे चारला उठणारी! मला काही उत्तर सुचलं नाही. मी दोन पावलं मागे सरकले आणि मोबाइलवर फोटो घेतला. शाल पांघरलेली छोटीशी पाठमोरी आकृती आणि पुढे डोंगरांच्या रांगा. नवीन कॅमेरा अजून घेतलेला नाही. भिशीचा नंबर पुन्हा लागेल तेव्हा बघू. पण तो फोटो मोठा करून स्वयंपाकघरात लावला आहे, पश्चिमेच्या त्या खिडकीशेजारीच.

तेव्हापासून मी एक नेम धरला आहे, तुम्हीही धरून पाहा. महिन्यातून एक रविवार, एकच जागा, एकच फोटो. वडिलांच्या रोलमधल्यासारखे वर्षाचे बारा. सूर्य मार्च आणि सप्टेंबरात ऐन पूर्वेला उगवतो, जूनमध्ये ईशान्येकडे सरकतो, डिसेंबरात आग्नेयेकडे. बारा फोटो ओळीनं लावले की त्याची ही येरझार डोळ्यांना दिसते. पावसाळ्यातले दोन-तीन फोटो नुसत्या धुक्याचे येतील. येऊ देत, तेही वर्षच आहे ना!

यासाठी साताराच हवा असं नाही. पुणेकरणींना पर्वती आहे, नाशिककरणींना पांडवलेण्यांची टेकडी, कोल्हापूरकरणींना जोतिबाचा डोंगर. तुमच्या गावाला डोंगर नसेल तर उंच गच्ची तरी असेलच. फाटक किती वाजता उघडतं तेवढं विचारून घ्या, दोघी सोबतिणी गाठा. आणि घरात एखादी सासू, आई, काकू वर्षानुवर्षं पहाटे उठत असेल, तर तिलाही एकदा विचारा, "येता का?"

कणीक शनिवारी रात्रीच भिजवून ठेवा म्हणजे झालं!